काट्यावरची खुर्ची

धाकट्या जावेचा मी दुस्वास करायचे. करायचे कशाला, करतेच. पेडगावच्या आमच्या घरात कम्प्युटर म्हणजे मी, असं दहा वर्षं चाललं होतं. सासऱ्यांनी रस्त्याला लागून धर्मकाटा टाकला, कापसाचे ट्रॅक्टर वजनाला येऊ लागले, तेव्हा वजनाचा प्रोग्रॅम मीच लिहिला. केबिनमधल्या खुर्चीवर मी बसायचे, आणि भलेभले ड्रायव्हर मला मॅडम म्हणायचे. मग ही बया इंजिनिअर होऊन घरात आली.

माझ्या प्रोग्रॅमात एक खोड होती. बटण दाबलं की काट्याचा आकडा स्थिर होईपर्यंत पडदा पांढराफटक पडायचा. काही दाबा, हूं की चूं नाही. म्हणून आकडा आणायचं काम मी वेगळ्या थ्रेडला दिलं. थ्रेड म्हणजे त्याच प्रोग्रॅमातला दुसरा गडी. एक पडदा सांभाळतो, दुसरा मागं राबतो. माझ्या या दुसऱ्या गड्यानं आकडा आणायचा आणि स्वतःच पडद्यावर लिहून टाकायचा. पडदा गोठायचा थांबला, मी खूश! पण गर्दीच्या दिवशी, ट्रॅक्टर काट्यावर उभा असतानाच, अख्खा प्रोग्रॅम गायब व्हायला लागला. कधी दिवसातून एकदा, कधी चार दिवस काहीच नाही. मी व्होल्टेजला शिव्या घातल्या, वायरी बदलल्या, उंदरांवर आळ घेतला.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी तो तीनदा गायब झाला. बाहेर रांग, हॉर्नवर हॉर्न. सासरे केबिनच्या दारात येऊन म्हणाले, "धाकटीला बोलवा की. तिला इचारायला काय झालं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडानं मात्र म्हणाले, "बोलवा."

ती आली, पदर खोचून कोड वाचत बसली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत मेलीला. "ताई, तुमचा मागचा थ्रेड थेट पडद्याला हात लावायलाय. पडद्याला फक्त पडद्याच्याच थ्रेडनं हात लावायचा. मागच्यानं नुसती चिठ्ठी रांगेत ठेवायची. पडदेवाला सवडीनं उचलतो."

"मग इतके दिवस कसं चाललं?" मी फणकारले.

"दोघांचे हात एकाच वेळी पडत नाहीत तोवर चालतं." मग हळूच म्हणाली, "तुमचीच तर रीत हाय ही. कोठीची."

आमच्याकडं कार्य असलं की सामानाची खोली, म्हणजे कोठी, माझ्याकडं असते. चावी माझ्या कमरेला. तेल असो की सुपारी, दारात उभं राहून मागायचं, मी काढून देणार. दोघीतिघी आत शिरल्या की एक म्हणते लाडू संपले, दुसरी म्हणते डबा भरलेला आहे, आणि पंगत ताटकळते. लग्नानंतरच्या पहिल्याच कार्यात ही तेलाचा डबा घ्यायला आत शिरली, तर मी हिला पाहुण्यांसमोर दंडाला धरून बाहेर काढलं होतं. "कोठीत माझ्याशिवाय कुणी नाही, कळलं?" तिला चांगलंच कळलं होतं. मलाच कळलं नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

तिनं कोड बदललं. रांग सरकली. दिवस मावळेपर्यंत प्रोग्रॅम एकदाही गेला नाही. मी मनात म्हणत होते, जा रे बाबा, एकदा तरी जा.

सासरे सगळ्या ड्रायव्हरांना ऐकू जाईल असं बोलले, "धाकटी लय हुशार हाय. उद्यापासून काट्यावर तीच बसंल."

मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"न्हाई मामा," ती म्हणाली. "खुर्ची ताईचीच. काय अडलं तर मी दारातून सांगत जाईन."

खुर्ची राहिली. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तिनं ती हिसकावून घेतली असती तर निदान भांडता आलं असतं.

आठ दिवसांनी पावती छापायचं अडलं. नाइलाजानं हाक मारली. ती आली, उंबऱ्याबाहेरच थांबली आणि तिथूनच सांगू लागली. भर दुपार, डोक्यावर ऊन. माझ्या शेजारी एक स्टूल रिकामं होतं. आत ये, एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटेना.

पावती निघाली.

"जाऊ का ताई?" तिनं विचारलं.

"जा," मी म्हणाले.