कर्णिककाकांची कागदी पट्टी

बदलापूर गावातली आमची लायब्ररी छोटीशी. पुस्तकं परत करायला लोक विसरतात, किस्से मात्र न चुकता आणून देतात! त्यातले निम्मे आमच्या अध्यक्षांचे, कर्णिककाकांचे. काका आनंदनगरच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. रिटायर झाले आणि पुस्तकं तपासायला लागले. एखादी ओळ ‘घरात वाचण्यासारखी नाही’ असं वाटलं, की तिच्यावर कागदाची पट्टी. ग्रंथपाल म्हणून डिंक पुरवायचं काम माझं.

*

पट्ट्या संपल्या म्हणून आम्ही उल्हासनगरला गेलो. त्या कशाला लागतात, हे काकांनी सिंधी दुकानदाराला सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, “अंकल, इतना ढकना है तो किताब लेते ही क्यों हो?”

बाहेर येऊन काका म्हणाले, “वाचनाची आवडच नाही लोकांना!”

*

एक मेंबर पुस्तक घेण्याआधी पानापानावरून बोट फिरवायचे. मी विचारलं, तर हळूच म्हणाले, “पट्टी आहे का बघतोय. मागचं बिनपट्टीचं फारच सपक निघालं हो, मॅडम!”

*

ऋतुजा ही आमची कॉलेजवाली मेंबर. तिने एका रविवारी लायब्ररीच्या टीव्हीवर जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टून सिनेमा, लावला. त्यात सरकारी माणसं पुस्तकं जप्त करायला येतात आणि ग्रंथपाल युनिफॉर्म घालून, बंदुका घेऊन ती वाचवतात. रोख कुणावर होता, ते काका सोडून सगळ्यांना कळलं.

काकांनी शेवटी चक्क डोळे पुसले. “ह्याला म्हणतात शिस्त! आपणही असेच लढतोय!”

ऋतुजा माझ्या कानात म्हणाली, “मॅडम, अब इनको कौन समझाएगा यार?”

*

मग मोरिवलीच्या म्हात्रेमावशींनी लिहिलेलं पुस्तक आलं. आईच्या आठवणी. शेतावर जमीन घ्यायला सरकारी मोजणीवाले आले, तेव्हा आईने बांधावरून त्यांना हाणलेलं एक वाक्य त्यात होतं. पडली पट्टी!

मावशी धावत आल्या. “काका, आय गेली माजी. तिचा आवाज यवराच उरलाय. तो तरी नका झाकू.”

“नियम म्हणजे नियम,” काका म्हणाले. मला त्या दिवशी काकांचा खरंच राग आला.

पुढच्या आठवड्यात लायब्ररीत मावशींचं वाचन होतं. आमचीच प्रत घेऊन त्या उभ्या राहिल्या. छान रंगलं होतं. मग ते पान आलं, पट्टी दिसली आणि त्या वाचता वाचता थांबल्या. पट्टीवरून नुसतं बोट फिरवत राहिल्या.

पहिल्या रांगेतले कर्णिककाका उठले. कमरेवर हात ठेवून खणखणीत आवाजात म्हणाले, “मेल्यांनो, तुमच्या बुडाखालची खुर्ची जलो!”

मग त्यांनी चष्मा सारखा केला. “हं, मावशी. पुढे वाचा.”