उन्हानं रंगवलेल्या बाहुल्या

माझा मामा कोराडीच्या वीजकेंद्रात केबलींचे सांधे जोडायचा. जमिनीखालून जाणाऱ्या जाड केबलींना पाणी लागू नये म्हणून सांध्याभोवती साचा बसवायचा आणि त्यात दोन डब्यांतली दोन औषधं एकत्र कालवून ओतायची, असं ते काम होतं. त्या औषधाला रेझीन म्हणतात हे मला मामाकडूनच कळलं. मधासारखं घट्ट आणि वासाला उग्र. कालवलं की ते आपलं आपण तापायचं आणि थोड्या वेळानं दगड होऊन बसायचं.

आम्ही शहरात, धरमपेठेत राहायचो आणि सुट्टी लागली की मी बसनं कोराडीला मामाच्या क्वार्टरवर जायचे. अशाच एका दिवाळीच्या सुट्टीत मामानं डब्याच्या तळाशी आळून गेलेला रेझीनचा एक गोळा मला खेळायला आणला. त्यात एक मुंगळा अडकला होता. पाय, मिशा, सगळं जसंच्या तसं. मी तो गोळा घेऊन उन्हात बसले आणि मामी भाकरीचं पीठ तसंच ठेवून माझ्या शेजारी येऊन बसली.

मामी रामटेकजवळच्या एका खेड्यातली. लहानपणी धानाच्या बांधीतली, म्हणजे भाताच्या खाचरातली, काळी माती आणून तिनं बैल, गाडी, बाया असं पुष्कळ काही केलं होतं. लग्न होऊन आल्यावरही तिचा हात थांबला नव्हता, पण मातीच्या बाहुल्या पावसाळ्यात फुगायच्या, उन्हाळ्यात तडकायच्या. क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर त्यांच्या ढेकळांचा एक लहानसा ढीगच झाला होता.

"हे ओतता येते म्हंता ना?" तिनं मामाला विचारलं.

"साच्यात ओततोच ना आमी."

"मंग तं ह्याची बाहुली बी होईन."

मामा हसला, पण पुढच्या वेळी शहरात आला तेव्हा इतवारीतल्या रंगांच्या दुकानातून त्यानं दोन्ही डबे विकत आणले.

पहिली बाहुली ओतली तेव्हा मी तिथेच होते. हिवाळ्यातली सकाळ होती. मामीनं आधी मातीची बाई घडवली होती, धानाची रोवणी करणारी, कमरेत वाकलेली, हातात रोपांची जुडी. तिच्यावरून प्लास्टरचा दोन तुकड्यांचा साचा काढला आणि आतून मेण चोळलं. रेझीनमध्ये पांढरी पूड घातली, दुसऱ्या डब्यातलं औषध ओतलं आणि काडीनं ढवळायला लागली. मग माझा हात धरून डब्याला बाहेरून लावला. डबा कोमट होता. पाहता पाहता तो इतका तापला की मला हात काढावा लागला. खाली चूल नव्हती, स्टोव्ह नव्हता, वर ऊनही आलं नव्हतं.

"काहून तापते वं हे, मामी?"

"मले काय मालूम. जीव भरून राहिला असंन त्याच्यात."

दुपारी साचा उघडला. आत उकडलेल्या अंड्यासारखी पांढरीशुभ्र बाई होती. बोटांच्या पेरांवरच्या रेघासुद्धा उतरल्या होत्या. मामी तिला नखानं ठोकून पाहत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पाण्यात टाकली तरी काही होत नाही इले."

मग दर हिवाळ्यात तिच्या बाहुल्या होत गेल्या. सगळ्या तिच्या गावच्या बाया. कोणी धान पाखडते आहे, कोणी घागर डोक्यावर घेऊन थांबली आहे, एक नुसती गालावर हात ठेवून बसली आहे. काळ्या रेशमाचे केस, जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांतून शिवलेली लुगडी, जाळीच्या कापडाच्या चोळ्या, बारीक मण्यांची माळ, तारेची नथ.

आमच्या शेजारच्या मुलीच्या लग्नात रुखवतावर मामीची एक बाहुली मांडली होती. त्या मुलीचा जन्म ज्यांच्या हातून झाला होता त्या वयस्कर डॉक्टरीणबाई लग्नाला आल्या होत्या. रुखवतातले लाडू, चकल्या, लोकरीचे कुत्रे सगळं सोडून त्या बाहुलीपुढे उभ्या राहिल्या आणि ही कोणी केली म्हणून विचारत राहिल्या. त्यांना बाहुल्या जमवायचा नाद होता. त्यांच्या दिवाणखान्यात पश्चिमेच्या खिडकीसमोर काचेचं कपाट होतं आणि त्यात लाकडाच्या, कापडाच्या, चिनीमातीच्या देशोदेशीच्या बाहुल्या होत्या. काही वर्षांत त्या कपाटाचा मधला अख्खा कप्पा मामीच्या बायांनी भरला. मामीला त्याचं फार अप्रूप होतं. ती स्वतः तोवर एकदाच तिथं गेली होती, पण कपाटात कोण कुणाशेजारी उभी आहे हे तिला पाठ होतं.

मी कॉलेजात जायला लागले. डॉक्टरीणबाईंचं घर माझ्या वाटेवर होतं. एक दिवस त्यांनी मला फाटकातूनच हाक मारली.

"तुझ्या मामीला एकदा घेऊन येशील का? बाहुल्यांना काहीतरी झालंय."

मी आत जाऊन पाहिलं. बाकीच्या बाहुल्या होत्या तशा होत्या. मामीच्या बाया मात्र पिवळ्या पडल्या होत्या. मागच्या रांगेतल्या जुन्या हस्तिदंतासारख्या, आणि अगदी पुढे खिडकीकडे तोंड करून असलेली रोवणीवाली तर हळकुंडासारखी. मी अधूनमधून त्या घरी जात होते, पण रोज थोडं थोडं होत गेलेलं माझ्या डोळ्यांना कधी दिसलंच नव्हतं.

"कावीळ झालेला माणूस असा दिसतो," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

मामी त्याच आठवड्यात आली. पिशवीत काचकागद, रंगाची डबी, सुईदोरा. बसमध्ये ती पिशवी मांडीवर घट्ट धरून माझ्या शेजारी बसली होती. कपाटापुढे गेली आणि डोक्यावरचा पदर सावरून नुसती उभी राहिली.

"मी चांगलंच औषध वापरलं होतं, बाई," शेवटी ती म्हणाली.

"दोष देत नाहीय मी तुम्हाला. एवढंच विचारते, या बऱ्या होतील का?"

मामीनं रोवणीवालीला बाहेर काढून खिडकीपाशी नेलं. घासायची तर लुगडं उतरवणं भाग होतं, म्हणून तिनं टाके उसवायला घेतले. लुगडं सुटलं आणि मामीचा हात थांबला. लुगड्याखालची बाई पांढरी होती. ओतली त्या दिवशी होती तितकी पांढरी. गुडघ्यापाशी लुगडं संपत होतं तिथे हळद आणि दूध यांच्यामध्ये सरळ रेघ आखल्यासारखी सीमा होती.

मग तिनं चोळी उसवली. चोळी जाळीच्या कापडाची होती, आणि बाहुलीच्या वाकलेल्या पाठीवर ती अख्खी जाळी उमटली होती. एकेक भोक पिवळं, भोकांमधला एकेक धागा पांढरा. इतकं बारीक काम कुठल्या कुंचल्यानं झालं नसतं. डॉक्टरीणबाई आतून भिंग घेऊन आल्या. आम्ही तिघी आळीपाळीनं त्यातून पाहत राहिलो. गळ्यातली माळ सरकवली तर खाली पांढऱ्या ठिपक्यांची दुसरी माळ. आणि गालावर, नथ लोंबत होती तिच्या मागे, नखाच्या कोरीएवढी एक फिकट सावली. वर्षानुवर्षं दुपारी त्या खिडकीतून ऊन आत येत होतं आणि त्यानं एवढीशी नथसुद्धा सोडली नव्हती.

स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा डॉक्टरीणबाई उठल्या.

त्या परत येईपर्यंत मामीनं काचकागदाचा लहान तुकडा फाडून बाहुलीच्या टाचेवर घासला होता. तळहातावर पिवळी भुकटी पडली होती आणि टाच लगेच पांढरी झाली होती.

"सायीएवढंच हाय वं," ती मला दाखवत म्हणाली. "वरच्यावर. आत काहीच नाही झालं इले."

"म्हणजे सगळी घासली तर पहिल्यासारखी होईल?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"होईन. पण नाक झिजन थोडं. बोटाच्या रेघा जातीन. अन् हे बी जाईन." तिनं जाळीवरून बोट फिरवलं. "तुमी सांगा, बाई. तुमची हाय ती."

डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या. बाहुली त्यांच्या मांडीवर होती. मामी हात पुसत होती आणि पुसता पुसता तिनं मनगटातल्या काचेच्या बांगड्या वर सारल्या. का ते मला माहीत नाही, तिला स्वतःलाही माहीत नसावं. बांगड्यांखाली तिच्या सावळ्या हातावर उजळ कातडीचा पट्टा होता. डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला, आणि आपल्या मनगटावरचं घड्याळ काढलं. तिथेही तसाच एक चौकोनी डाग होता. दोघींनी हात शेजारी शेजारी धरले. डॉक्टरीणबाई हसल्या, मामी हसली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मामीचे खांदे सैल झाले.

"राहू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त कपडे पुन्हा नीट शिवून द्या. जिथे होते तिथेच."

मामीनं तिथेच बसून चोळी शिवली. जाळीचं एकेक भोक खालच्या पिवळ्या ठिपक्यावर आणायला तिला संध्याकाळ झाली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर पाहत होती. कोराडीची धुरांडी दिसायला लागली तेव्हा तिनं विचारलं, "आपुन मुद्दाम झाकलं, अन् मुद्दाम ऊन दाखवलं तं?"

मी तिला पोचवून घरी परतणार होते, पण त्या दिवशी तिच्यासोबत कोराडीलाच राहिले.

तिनं एक नवी बाई ओतली, उभी, हात अंगालगत सोडलेले. कडुनिंबाची डहाळी तिच्या अंगावर दोऱ्यानं बांधून गच्चीवर ठेवली. पानं एका दिवसात सुकून वळली. त्यात कोराडीची राख. धुरांड्यांतून उडणारी ती करडी भुकटी वाळत घातलेल्या पापडांवरही बसायची आणि बाहुलीवरही. मामी रोज ओल्या फडक्यानं तिला पुसायची. मग मामाच्या पिशवीतली केबलीवर गुंडाळायची काळी चिकटपट्टी तिनं घेतली, आणि नखं कापायच्या कातरीनं त्या पट्टीची कडुनिंबाची पानं कापली. करवती कडांसकट. खांद्यापासून कमरेपर्यंत एक अख्खी डहाळी चिकटवली.

मे महिना होता. दुपारी गच्चीवर पाय ठेववत नव्हता. एक दिवस वर जाऊन पाहिलं तर बाई पुढे कलली होती, जणू खाली पडलेलं काही शोधते आहे. उन्हानं रेझीन मऊ झालं होतं. मामी घाबरली नाही. तिला घरात आणून ओल्या फडक्यात गुंडाळली, ऊनऊन असतानाच हलक्या हातानं सरळ केली, आणि त्या दिवसापासून फक्त सकाळचं ऊन दाखवायला लागली. ऊन चढलं की आत. रोज थोडी फिरवून, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखी रंगेल.

पहिल्या उन्हाळ्यात ती जेमतेम सायीच्या रंगाची झाली. मामीनं पट्टी काढली नाही. मधला पाऊस आणि हिवाळा बाई खिडकीत उभी राहिली. दुसरा उन्हाळा सरत आला तेव्हा मामीनं मला निरोप पाठवला. मामा ड्युटीवरून नुकताच आला होता, अजून पायातले बूटही काढले नव्हते. मामीनं नखानं एक पान उचललं, मग दुसरं. चिकटा रॉकेलच्या बोळ्यानं पुसला. मधाच्या रंगाच्या त्या अंगावर पांढऱ्या पानांची डहाळी उमटली होती, एकेका पानाची एकेक करवत स्पष्ट. रंग कुठेच लावलेला नव्हता. बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं, वर नाही, खोल नाही. ती डहाळी जणू बाईच्या कातडीच्या आतूनच आली होती.

मामा वाकून पाहत होता. "म्या तं इतकी वर्स ह्या पट्टीनं केबलीच बांधल्या," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन बूट काढत बसला.

ती बाहुली मामीनं माझ्या लग्नात दिली. तशीच दुसरी, अंगावर चिंचेचा पाला असलेली, डॉक्टरीणबाईंना दिली. त्यांनी कपाटाला जाड पडदा लावला. पाहुणे आले की पडदा सारायच्या, दाखवायच्या आणि पुन्हा ओढून घ्यायच्या. त्यांच्याकडे चिंचेचा पाला पुष्कळ दिवस ताजा राहिला.

मी पडदा लावला नाही. आमच्या घरात बाई दिवाणखान्यातल्या फळीवर उभी असे, उजेडात. त्यामुळे उघडी पडलेली पांढरी पानंही हळूहळू पिवळी होऊ लागली. आधी डहाळीचा देठ गेला, मग कडा गेल्या. एके वर्षी पाहिलं तर काही दिसेना. मी मामीला कळवलं नाही. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं.

पण ती आली. गुडघ्यांनी तिला दमवलं होतं, तरी आल्या आल्या तिनं बाहुली उचलून खिडकीपाशी नेली. वर धरली, खाली धरली, तिरपी केली. मी सांगू लागले की मी ती झाकायला हवी होती. तिनं हातानंच मला थांबवलं.

"हे पाह्य," ती म्हणाली. "तिरपी धर. उजेड बाजूनं आला पायजे."

मी तशी धरली. मधाच्या रंगात त्याहून किंचित फिकट मधाच्या रंगाची पानं होती. श्वास रोखला तर दिसत होती आणि जरा हलली की नाहीशी होत होती. मामी माझ्या दंडाला धरून वाकून पाहत होती. तिचं तोंड लहान मुलासारखं थोडं उघडं राहिलं होतं.

"अजून होऊनच राहिलं वं हे," ती म्हणाली. "मी सोडली तरी चालूच हाय."