ओढूनबघ मावशी आणि मांडीवरची ढमी

आमच्या गल्लीत तिला ओढूनबघ मावशी म्हणतात, आणि हे नाव ठेवण्यात माझा हात होता हे मी नाकारत नाही. ती घरात आली की आधी दाराची कडी ओढून बघते, मग पिशवीचा बंद, मग गप्पा मारता मारता तुमच्या शर्टाचं बटण. माझी दोन बटणं तिनं उपटून माझ्याच हातावर ठेवलीत. वर, ‘दोरा कच्चा होता, बरं झालं आत्ताच कळलं.’

तिचाही दोष नाही. सव्वीस वर्षं ती विमानतळामागच्या कारखान्यात विमानातल्या खुर्च्यांचे पट्टे शिवते. तिथे एका कोपऱ्यात यंत्र आहे. त्याच्या दोन लोखंडी जबड्यांत पट्टा अडकवायचा आणि तुटेपर्यंत ओढायचा. तुटताना असा आवाज होतो की नवीन बाया किंचाळतात. ही शांतपणे तुटकं टोक उचलते आणि टाके बघते. त्यातही तिचा जीव तान्ह्या मुलांच्या छोट्या पट्ट्यावर. त्याला मागे एक कापडी कडं शिवलेलं असतं. मोठ्या माणसाचा पट्टा त्या कड्यातून ओवायचा आणि छोटा पट्टा मुलाच्या पोटाशी वेगळा लावायचा. मूल मांडीवरच, पण स्वतःच्या पट्ट्यात.

एवढे पट्टे शिवून बाई विमानात मात्र कधी बसली नव्हती. बसली ती गेल्या वर्षी, लेक, जावई आणि नऊ महिन्यांच्या नातीबरोबर. नातीला सगळे ढमी म्हणतात. उचललीत तर का ते कळेल. पुढची हकिकत अर्धी मावशीनं सांगितली, अर्धी तिच्या लेकीनं. जावयानंही एक सांगितली होती, पण त्यात त्याची काहीच चूक नव्हती, म्हणून ती मी सोडून दिली.

हा जावई पदार्थविज्ञानाचा मास्तर. बस थांबली तरी आतला माणूस पुढे का फेकला जातो, हे त्यानं हजारभर पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवलंय. तिकिटं काढतानाच मावशी लेकीला म्हणाली, “ढमीला वेगळी सीट घ्या गं. गाडीतली तिची खुर्ची त्यावर बांधता येते का विचारा.”

उत्तर जावयाकडून आलं. “आई, दोन वर्षांच्या आतल्या मुलाला सीट लागत नाही. मांडी आहे की. मी धरेन ना घट्ट!”

“मांडीला काय हात असतात?” मावशी लेकीकडेच बघत म्हणाली. “आणि धक्का बसला की नऊ किलोचं पोर नऊ किलोचं राहत नाही. कुणाच्या बापाला धरवणार नाही ते.”

बाप तिथेच उभा होता. हसला आणि मांडीचीच तिकिटं काढली.

आता पंचाईत अशी, की मावशी जावयाशी थेट कधी बोलत नाही. मान ठेवायचा ना! बोलायचं तर लेकीला, नाहीतर भिंतीला, नाहीतर ढमीला.

विमानात लेक खिडकीशी, मधे कुणी परके गृहस्थ पेपरात तोंड घालून, मग जावई ढमीला मांडीवर घेऊन, आणि वाटेच्या पलीकडे मावशी. विमानात कामाला असलेल्या मुलीनं छोटा पट्टा आणून दिला, लावून घेतला, ओढून बघितला. मावशीला ती पोरगी फार आवडली. विमान उडालं, वर स्थिरावलं. ढमीनं मात्र भोकाड पसरलं, पाय झाडायला लागली. जावयानं इकडेतिकडे बघितलं, छोटा पट्टा काढला, ढमीला पोटाशी घेतलं आणि आपलाच पट्टा दोघांवरून ओढून खटकन लावला. ढमी गप्प.

“बघा आई, एका पट्ट्यात दोघं!”

मावशी ओरडणारच होती. पण पडला तो जावई. ती वाकून ढमीला म्हणाली, “बाळा, तुझे बाबा ऐंशी किलोचे. धक्का बसला की ते येणार पुढे. पुढे पट्टा, मागे बाबा, आणि मधे कोण गं? फळ्यावर काय काढतात ते विचार त्यांना.”

पेपरवाल्या गृहस्थांनी पेपर खाली घेतला. लेक म्हणाली, “अहो, आई बरोबर बोलतेय. काढा तो.”

“झोपतेय गं ती! आता काढला तर पुन्हा रडेल. आणि बाहेर बघ, एक ढग नाही.”

“ढमे,” मावशी म्हणाली, “तुझे बाबा हुशार आहेत, पण आत्ता त्यांनी हुशारी सामानात दिलेली दिसते.”

तरी ढिम्म. मावशीनं विमानातल्या मुलीला हाक मारली, तर ती पार शेवटच्या रांगेत. तेवढ्यात विमान थरथरलं. डोक्यावरचे पट्ट्याचे दिवे लागले. मग एकदम पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं झालं, आणि मावशीच्या तोंडून सव्वीस वर्षं कारखान्यात मुरलेला आवाज निघाला.

“अरे ए गाढवा! पट्टा काढ तो तिच्यावरून! छोटा लाव! आधी कड्यातून ओव, मग तिच्या पोटाला! हलव ना हात!”

सगळं विमान वळून बघायला लागलं. जावई इतका दचकला की डोकं थांबलं आणि हातच काम करायला लागले. काढला, ओवला, स्वतःचा लावला, ढमीचा लावला. शेवटची खटक ऐकू आली आणि विमान खाली आदळावं तसं घसरलं. जावयाचा फोन उडून छताला लागला. ढमी मांडीवरून वीतभर वर उचलली गेली आणि पट्ट्यानं तिला जागच्या जागी खाली आणलं. तिथून तिनं जे रडणं सुरू केलं ते उतरेपर्यंत.

जावई उरलेला वेळ दोन्ही हातांनी तिला धरून पांढराफटक बसला होता. उतरल्यावर म्हणाला, “आई, विमानात सगळ्यांसमोर गाढव म्हणालात.”

“हो का?” मावशी ढमीकडे बघत म्हणाली. “गडबडीत तोंडातून जे आलं ते आलं.”

परतीला त्यानं स्वतःहून चौथी सीट घेतली आणि ढमीची खुर्ची तिच्यावर बांधली. मावशीनं चारही बाजूंनी ओढून बघितली. पण ढमी बाईसाहेबांना तो मान नको होता. त्या खुर्चीत ढमी पूर्ण दोन तास बेंबीच्या देठापासून रडली. खुळखुळा फेकला, बाटली फेकली, पेपरवाल्यासारख्याच दुसऱ्या एका गृहस्थांचा चष्मा ओढला. पुढच्या रांगेतून एक बाई म्हणाली, “अहो, घ्या ना जरा मांडीवर! किती रडतंय पोर!”

जावयानं हताश होऊन मावशीकडे बघितलं. मावशी त्या बाईला म्हणाली, “रडू दे हो. रडतेय म्हणजे जागेवर आहे.”