सुदानहून निघालेला भाऊ

लेकीच्या शाळेत त्या वर्षी जगातल्या तरुण मुलांविषयी वर्गासमोर बोलायचं होतं. लेकीने अमेरिकेतले अमिश, म्हणजे मोटार-वीज टाळून जुन्या चालीने राहणारे ख्रिस्ती लोक निवडले आणि तिच्या मैत्रिणीने स्वतःचा देश, सुदान. शनिवारी दोघी आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या आमच्या घरी तालमीला बसल्या. मी शेजारीच पोह्यांना कांदा परतत होते.

मैत्रीण आईवडिलांबरोबर युद्धातून बाहेर पडली होती. आजोबांना प्रवास झेपेना, म्हणून थोरला भाऊ त्यांच्यापाशी खार्टूममध्येच थांबला होता, आणि कित्येक आठवडे त्याचा फोन लागत नव्हता. लेकीने हे आधीच सांगून ठेवलं होतं. त्याबद्दल काही विचारायचं नाही, अशी ताकीदही दिली होती.

आधी लेक बोलली. तिला मराठी कळतं, पण बोलते इथल्या हेलाच्या इंग्रजीत. घोडागाडीतून फिरणाऱ्या त्या लोकांत मुलं सोळाची झाली की आईवडील जरा मोकळीक देतात. कुणी जीन्स घालून बघतं, कुणी मोटार चालवून. मग बाप्तिस्मा घेऊन पंथात राहायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आमची लेकही सोळाचीच. पुढे काय मागणी येते या धास्तीत माझा कांदा करपला.

मैत्रिणीने मात्र एवढंच विचारलं, "आणि परत आले, तर घर तिथेच असतं?"

"असतं," लेक म्हणाली. "बहुतेक जण परततात."

मग मैत्रीण बोलायला लागली. मला त्या देशाचं युद्ध सोडून काहीच माहीत नव्हतं. तिने युद्धाला एकच वाक्य दिलं. बाकी सगळं निळी आणि पांढरी अशा दोन नाइल नद्या मिळतात तिथल्या संध्याकाळींबद्दल, रस्त्याकडेला चहा विकणाऱ्या बायकांबद्दल. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. ऐकता ऐकता ती फरशीवरच बसली.

"तो इजिप्तला पोचला," ती म्हणाली. "आजोबांना घेऊन."

लेकीने तिला घट्ट धरलं. मी गॅस बंद करून त्यांच्याशेजारी खालीच बसले. रडता रडता हसत ती सांगत होती, की चष्मा घरी राहिला म्हणून आजोबा वाटभर भावावर चिडले होते.

थोड्या वेळाने तिची आई न्यायला आली. एरवी आम्ही दोघी गेटपाशी हवेबद्दल बोलायचो, तेवढंच. त्या दिवशी ती आत येऊन बसली आणि मुलाच्या लहानपणचं सांगत राहिली. निघायला उठायची, काहीतरी आठवायचं, पुन्हा बसायची.