बोर्डावरचे सर

इनामदार मॅडमकडे मी अकरा वर्षं पीए होतो. किस्से इतके साचलेत की चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "काकडे, करा सुरू!" आता मी पडलो फौजेतला रिटायर्ड क्लार्क. सहा फूट उंची, भरघोस मिशा. मॅडम जेमतेम पाच फूट, सुती साडीतल्या. दिल्लीच्या पोटातल्या कितीतरी बोगद्यांचं डिझाइन या बाईंचं, आणि लोक हार घालायचे मला!

गुरुग्रामला एका कंपनीच्या गेटवर तिघंजण बुके घेऊन धावले, ते थेट माझ्याकडे. "वेलकम सर!" मी घामाघूम. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "घ्या हो काकडे. आता भाषणही तुम्हीच ठोका!"

*

एका कॉन्फरन्सला तर कहर झाला. मला बॅज 'डेलिगेट'चा, मॅडमना 'स्पाउस'चा! माझ्या बायकोला हे अजून सांगितलेलं नाही. वर मॅडमना बायकांच्या बसचा पास, करोल बागेत शॉपिंगसाठी. माझं डोकं सटकलं. "थांबा, मी बोलतो त्यांच्याशी."

"कशाला? मला साडी घ्यायचीच होती."

आणि गेल्या की हो! दुपारी मुख्य भाषणासाठी नाव पुकारलं, तर बाई पिशव्यांसकट स्टेजवर. "सॉरी, जरा उशीर झाला. आयोजकांनी मला खरेदीला पाठवलं होतं."

मग तासभर बोलल्या. नोट्स नाहीत, काही नाही. समोरचे मोठमोठे इंजिनियर शाळेतल्या पोरांसारखे वहीत उतरवून घेत होते. मला तर भरूनच आलं.

*

साइटवर लेडीज टॉयलेट नव्हतं. मॅडमनी नकाशात दाखवलं, वरच्या ऑफिसनं खोडलं. पुन्हा दाखवलं, पुन्हा खोडलं. "लेडीज हैं कितनी?" असा शेरा मारून! तिसऱ्यांदा मॅडमनी त्याच खोलीवर लिहिलं, 'इन्स्पेक्शन चेंबर नंबर चार'. दोन दिवसांत मंजूर!

तिथल्या इंजिनियर मुली अजून म्हणतात, "सर, जरा इन्स्पेक्शनला जाऊन येते."

*

पण एका बाबतीत मॅडमचंही काही चालत नव्हतं. खोदकाम सुरू असताना बाईनं बोगद्यात पाऊल टाकायचं नाही, जमीन रुसते, असं मजूर मानायचे. म्हातारा फोरमन बन्सीलाल तोंडाशीच उभा असायचा. काम बंद पडेल म्हणून साहेबलोकही गप्प. मॅडम बाहेर खुर्ची टाकून बसायच्या आणि आतून येणाऱ्याला खोदून खोदून विचारायच्या, "भिंत ओली होती? हात लावून बघितलीत?" एकदाच म्हणाल्या, "काकडे, स्वतःच्या घराबाहेर बसल्यासारखं वाटतं हो."

मग एका सकाळी आत पाणी फुटलं. वर वस्ती, माणसं घरांत. सगळे मजूर बाहेर आले. पाणी नेमकं कुठून येतंय, कुणालाच कळेना. मॅडम खुर्चीतून उठल्या आणि बन्सीलालसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

बन्सीलालनं त्यांच्याकडे बघितलं, आत बघितलं. मग हेल्मेट पुढे केलं. सवयीनं मीच हात पुढे केला!

"आपको नहीं," तो म्हणाला. "सर को." आणि हेल्मेट मॅडमच्या हातात दिलं.

आमच्या साइटचा नियम असा, की आत जाणाऱ्याचं नाव तोंडाशी बोर्डावर लिहायचं आणि सुखरूप बाहेर आल्यावर ज्याचं त्यानं पुसायचं. बन्सीलालनं खडूनं लिहिलं, 'सर'.

दोन मजूर सोबत घेऊन मॅडम आत गेल्या. मी बाहेर देवाचं नाव घेत उभा. दुपारी मॅडमना गळतीची जागा सापडली, पाणी थांबलं. मॅडम आल्या त्या चिखलानं माखून, पण चेहरा असा उजळलेला की मी बघतच राहिलो. नाव पुसायला बोर्डाकडे गेल्या आणि थबकल्या.

"बन्सीलाल, ये सर कौन हैं? अंदर तो मैं गई थी."

बन्सीलाल बोर्डाशी आला. बाहीनं 'सर' पुसलं. खडू घेऊन सावकाश, एकेक अक्षर गिरवत लिहिलं, 'मॅडम'. मग डस्टर त्यांच्यापुढे धरला.

"अब मिटाइए."

डस्टर हातात घेऊन मॅडम उभ्याच राहिल्या. पुसायला काही त्यांचा हात उठेना.