मंगळवारची निवड

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला तर मुळीच नाही. आज तुमच्यापाशी तोंड उघडतो आहे — धीर टिकला तर शेवटपर्यंत सांगेन.

मी कर्जतला मास्तर. मुलांना फुटबॉल शिकवायचो, शिट्टी माझ्याकडे — तेवढ्यावर तालुक्याचा पंच झालो. वासरांत लंगडी गाय शहाणी! घाटात दगडाचं काम घेतलेल्या एका ठेकेदार साहेबाला या खेळाचं भारी वेड. त्याने कर्जत, खोपोली आणि चौक इथे पगारी संघ उभे केले. खेळाडूंनी खेळायचं आणि महिन्याला पगार घ्यायचा. चौथा संघ कुणाला द्यायचा, हे ठरवायला त्याने मला सांगितलं. कळंबला, की कोंडाणे लेण्यांजवळच्या ठाकूरवाडीला?

खरं सांगू? ठरवण्यासारखं काही नव्हतंच. वाडीचा चांगो अनवाणी खेळायचा आणि चेंडू त्याच्या पायाला चिकटून राहायचा. पावसाळा सरला की वाडीतले सगळे गडी बायकामुलांसह कोळशाच्या भट्ट्यांवर जात. चांगोचं एक मूल तिथेच दगावलं होतं. संघ मिळाला तर भट्टी सुटणार होती. हे मला माहीत होतं — पुरतं माहीत होतं.

पण कळंब माझी सासुरवाडी. बायको बाळंतपणाला गेलेली, मूल चार महिन्यांचं झालं तरी सासरे तिला पाठवीनात. “जावईबापू, संघ आपल्या गावाला आला की लेक नि नातू दोघांना गाडीत बसवून देतो,” असं हसत हसत म्हणाले. हसत म्हणाले, म्हणून भांडताही येईना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मुलाचं तोंड मी एकदाच पाहिलं होतं... हे मी सबब म्हणून सांगत नाही. की सांगतोय?

निवडीच्या सामन्यासाठी साहेबाने दोन दिवस सुचवले, मंगळवार किंवा शुक्रवार. चांगोने मला आधीच बजावलं होतं, “गुरुजी, मंगळवार सोडून कदीबी बोलवा. त्या दिशी गावदेवीची पाळणूक हाय. येशीभाईर पाऊल टाकता येत नाय.”

मी साहेबाला मंगळवार कळवला.

आणि चांगोला निरोप धाडला — दिवस साहेबाने ठरवला आहे, माझा इलाज नाही.

मंगळवारी कळंबचे अकरा जण मैदानात उभे राहिले. वाडीचं कुणी येणार नाही, आपण वाईट न दिसता सुटलो, असं मी मनाशी म्हणतो आहे, तोच चांगो आला. एकटा. पाळणूक मोडून. साहेबापुढे हात जोडून म्हणाला, “सायेब, मला एकल्याला खेळवून बगा.” हा एकटाच का आला, हे साहेबाला कळलं नाही, त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगायचं होतं? एवढंच, की यांना शुक्रवारी बोलावू या. मी म्हणालो, “यांचा संघ जमत नाही.” आणि शिट्टी वाजवली.

बायको त्याच आठवड्यात आली. वाडीने चांगोला वाळीत टाकलं, देवीचा दिवस मोडला म्हणून. पाणवठा बंद, विस्तवाची देवघेवही बंद. बायकोला घेऊन तो कुठे गेला असेल? माझ्याच दारात आला. मी त्यांना परसातली खोपी दिली. लोक मला देवमाणूस म्हणू लागले.

आठ वर्षं झाली. माझी लाकडं तो फोडतो, माझं पाणी त्याची बायको भरते. त्याला जा म्हणता येत नाही, खरं सांगता येत नाही. तो अंगणात असला की मी मागच्या दाराने शाळेत जातो. स्वतःच्या घरात चोरासारखा वावरतो मी!

परवा वाडीतून निरोप आला, चांगोची आई गेली. त्याने मात्र माती द्यायला यायचं नाही. तो दिवसभर माझ्या पायरीवर बसून होता. संध्याकाळी मी जवळ गेलो, तर मान वर करून म्हणाला, “तुमी तरी काय करनार व्हता, गुरुजी? दिस सायबानं ठरवला.”

मी म्हणालो, “हो.”