ब्रेक दाबला होता

उज्ज्वलाचा पाय आपल्यामुळं गेला, असं देवसिंग राठोड सात महिने मानत होता. बाकीचे लोक तर तसं म्हणतच होते. त्याला स्वतःलाच तसं वाटत होतं, आणि ते जास्त वाईट होतं.

दिग्रसपासून आठ-नऊ किलोमीटरवरच्या तांड्यात त्याचं घर. पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरायचे, देवसिंगनं पिकअप घेतली. नेरच्या खेमसिंग जाधवांनी दोन वर्षं वापरलेली. गाडी नावावर करायला तो यवतमाळला दोनदा जाऊन आला, दोन्ही वेळा एकेक कागद कमी निघाला, तिसऱ्यांदा गेलाच नाही. आरसी बुकावर खेमसिंगचं नाव तसंच राहिलं. हंगामात कापूस जिनिंगवर न्यायचा, सकाळी वेचणीच्या बायांना शेतावर सोडायचं. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत हे त्याला ठाऊक होतं. सगळेच बसवत, म्हणून तोही बसवायचा.

२०१७ची दिवाळी आठ दिवसांवर होती. सकाळी सातचा सुमार, मागं अकरा बाया. नाल्याच्या उतारावर, वळणाच्या अलीकडं त्यानं ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल सरळ खाली जाऊन टेकलं. हँडब्रेक ओढला, गाडी बांधावर घातली. ती कलंडली. दहा जणींना खरचटलं, मुका मार लागला. कडेला बसलेल्या उज्ज्वलाचा पाय फाळक्याखाली आला. यवतमाळच्या दवाखान्यात त्या दिवसांत फवारणीचं विष बाधलेल्या माणसांनी खाटा भरलेल्या होत्या. तिथंच तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ती तिशीचीही नव्हती.

देवसिंगवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. ब्रेक लागला नाही, असं त्यानं ठाण्यात सांगितलं. प्रत्येक ड्रायव्हर हेच सांगतो, असं जमादार म्हणाला. गाडी उलटल्यामुळं ब्रेकची चाचणी घेता आली नाही, एवढंच तपासणीच्या कागदावर आलं. तांड्यात कोणी म्हणे फोनवर बोलत होता, कोणी म्हणे पिऊन होता. देवसिंग दारूला शिवत नसे.

पण तेच तेच ऐकून त्याचा स्वतःवरचा भरवसा उडाला. आपण ब्रेकऐवजी क्लच तर दाबला नाही? जेवायला बसला की त्याचा उजवा पाय जमीन दाबत राहायचा. बायको रामीबाई ते बघायची. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, वेचायलाच काही उरलं नाही. देवसिंग दिवसदिवस भिंतीकडं तोंड करून पडायचा. एका दुपारी रामीबाईनं फवारणीच्या औषधाचा डबा गुपचूप भावाच्या घरी नेऊन ठेवला. त्यानं तिला जाताना बघितलं होतं. कुठं गेली होतीस, असं त्यानं विचारलं नाही.

मे महिन्यात गाडी ठाण्यातून सुटली. ती ओढून दिग्रसला सरदार मिस्त्रीच्या गॅरेजात आणली. सरदारनं गाडीखाली सरकून बराच वेळ बॅटरी मारली, मग बाहेर येऊन हात पुसले.

"देवसिंगभाऊ, ब्रेक तुम्ही बरोबर दाबला होता. मागचा पाइप पट्टीले घासू घासू फुटला. तेलच नाही राह्यलं, तं गाडी थांबन कशी?"

देवसिंग तिथंच टायरवर बसला.

असाच पाइप झिजलेली एक गाडी सरदारकडं पुसदहून आली होती. या दोन्ही गाड्या ज्या साली बनल्या, त्या सालातल्या गाड्यांचा हा पाइप कंपनी स्वतः बदलून देते, हे त्याला तेव्हा कळलं होतं. त्यानं यवतमाळच्या डीलरला फोन लावून चेसिस नंबर वाचून दाखवला. या गाडीचं काम बाकीच आहे, असं उत्तर आलं. गाडी कितव्याही हाताची असो, वॉरंटी संपलेली असो, पाइप आणि मजुरी दोन्ही फुकट. पत्र जानेवारी २०१७मध्येच पाठवलं होतं. मालकाच्या पत्त्यावर, नेरला.

देवसिंग दुसऱ्याच दिवशी नेरला गेला. खेमसिंगनं पेटीतून पत्र काढलं. इंग्रजीत होतं, वर गाडीचं चित्र. "मले वाटलं, नवीन गाडी घ्या म्हणून सांगून राह्यले," म्हातारा म्हणाला आणि खाली बघत राहिला. देवसिंगला आधी राग आला. परतीच्या एसटीत आठवलं, तिसरी खेप आपणच केली नव्हती. केली असती तर पत्र आपल्या घरी आलं असतं.

गाडी ओढून यवतमाळला डीलरच्या वर्कशॉपमध्ये नेली. काम दोन तासांचं होतं. सुपरवायझरनं कागद पुढं केला. जुना पाइप कंपनीकडं परत जातो, असा नियम त्यानं सांगितला. देवसिंगच्या हातातला पेन थांबला. तो फुटका पाइप सोडून त्याच्याकडं दुसरा पुरावाच नव्हता.

"मले दुरुस्ती नाही पाहिजे," तो म्हणाला. "आधी पोलिसाईले बोलवा."

लोक त्याला वेडा समजले. तीन आठवडे गाडी वर्कशॉपच्या कुंपणाशी उभी राहिली आणि तो रोज एसटीनं येऊन तिच्याजवळ बसायचा, कोणी पाइप काढू नये म्हणून. शेवटी वकिलानं अर्ज केला, पंचनामा झाला, पाइप सीलबंद झाला. मगच त्यानं सही केली.

पंचनाम्याची नक्कल घेऊन तो उज्ज्वलाकडं गेला. ती ओट्यावर बसली होती, कुबडी भिंतीला टेकवलेली. त्यानं सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"पाइप फुटला, हे समजलं भाऊ," ती म्हणाली. "पण मालाच्या गाडीत आमाले कायले बसवलं?"

त्यानं नक्कल घडी करून खिशात ठेवली. तो उठला, तेव्हा तिनं हाक मारली. तांड्यातल्या रूपसिंगची पिकअपही त्याच सालातली आहे, असं तिनं सांगितलं. तिची नणंद रोज त्याच गाडीत बसून कामाला जायची.

त्याच दुपारी देवसिंगनं रूपसिंगच्या गाडीचा नंबर सरदारला दिला आणि सरदारनं डीलरला फोन लावला. तिचंही काम बाकी होतं. रूपसिंग म्हणाला, ब्रेक तर चांगले लागतात, बघू पुढच्या आठवड्यात. देवसिंग गाडीपुढं उभा राहिला आणि हलेना. रूपसिंग शिव्या देत खाली उतरला, शेवटी दोघं रिकामी गाडी हळूहळू हाकत यवतमाळला गेले. पाइप झिजून इतका पातळ झाला होता, की मेकॅनिकनं दोन बोटांत दाबताच तो चेपला.

देवसिंगचा खटला अजून चालू आहे. ब्रेकचा मुद्दा वकील मांडतो. माणसं बसवली होती, हे देवसिंगनं पहिल्याच तारखेला कबूल केलं. गाडी आता त्याच्या नावावर आहे. मागं तो फक्त माल भरतो. उज्ज्वला त्याच्याशी बोलते, पण कामापुरतंच.